ढेपेचा खरवस

पंगतीत नानांच्या शेजारचं पान कोणालाच नको असायचं. आमटीची वाटी समोर आली की चारचौघं भुरका मारतात. नाना ती उचलून डोळ्यांसमोर धरायचे, उजेडाकडे वळवायचे, वर तेल किती आलं, मधे पाणी किती राहिलं, डाळ कुठवर बसली हे बघत राहायचे, आणि शेजारच्याने आपल्याच वाटीत बोट घातलं तरी कळवळून म्हणायचे, "ढवळू नका हो. बसू द्या." तोवर वाढपी भात घेऊन पार टोकाला गेलेला असायचा. लग्नघरून नाना नेहमी अर्धपोटी परत यायचे आणि भिंतीपलीकडून हाक यायची, "वहिनी, एखादी भाकरी आहे का हो?"

मी नाशिककडची. ह्यांची पोस्टातली बदली धुळ्याला झाली तेव्हा पांझरेच्या बाजूला एका गल्लीत आम्हाला बिऱ्हाड मिळालं, त्याची एक भिंत नानांची होती. नाना हायस्कुलात सायन्स शिकवायचे. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, अक्का. तिसरं माणूस नाही. पण खिडकीत काचेच्या बाटल्यांची अशी रांग लागलेली असायची की नव्या माणसाला वाटावं, इथे वैद्य राहतात. एकीत भाताची पेज, एकीत तुरीचं वरण, एकीत नदीचं गढूळ पाणी, एकीत कसला तरी डिंक. सगळं आपलं बसत असायचं. मी तांदूळ धुतले की ते पाणी मोरीत ओतायची चोरी होती. भिंतीला जणू कान होते. "वहिनी, थांबा, थांबा."

"ढवळू नका, बसू द्या" हे त्यांचं औषध सगळ्या रोगांवर चालायचं. माझं आणि ह्यांचं वाजलं, तरी तेच. गल्लीत होळीच्या वर्गणीवरून दोन तट पडले, तरी तेच. आणि गंमत अशी की, बहुतेक वेळा भांडण खरंच बसायचं, कारण नानांचं वाक्य कानावर पडलं की दोन्ही बाजूंना हसू फुटायचं. एकदा शाळेत इन्स्पेक्टर आले होते. नानांच्या वर्गात चिडीचूप. पोरं टेबलावरच्या गढूळ पाण्याच्या ग्लासाकडे टक लावून बसलेली, आणि नानाही. "काय चाललंय?" साहेबांनी विचारलं. नाना म्हणाले, "गाळ बसतोय." साहेब थोडा वेळ उभे राहिले, मग तेही बाकावर टेकले. वर्गाच्या शिस्तीबद्दल त्यांनी फार चांगला शेरा दिला म्हणतात.

लग्न? त्याचीही गोष्ट आहे. अक्का त्यांना घेऊन सावद्याला मुलगी बघायला गेल्या. केळीच्या बागांचं घर, तेव्हा पुढ्यात आलं शिकरण. नानांनी वाटी उजेडाकडे धरली आणि मुलीच्या आईला विचारलं, केळं आधी कुस्करता की दुधात घालून कुस्करता? किती वेळाने पाणी सुटतं? काळं कधी पडतं? त्या माउलीनेही हौसेने सगळं सांगितलं. तिकडे अक्कांनी आपली वाटी हातही न लावता बाजूला सारलेली. घरच्यांना वाटलं, मुलगी पसंत नाही म्हणून हिने गोड तोंड केलं नाही. परतीच्या गाडीत अक्कांनी विचारलं, "पोर कशी व्हती रे?" नाना म्हणाले, "कोनती पोर?" इति लग्नपुराण समाप्त. अक्का ही गोष्ट सांगताना स्वतःच इतक्या हसायच्या की पदराने डोळे पुसायच्या.

शिकरण बाजूला सारण्याचं कारण मात्र हसण्याचं नव्हतं. अक्कांना दूध चालत नसे. दूध, दही, ताक, काहीच नाही. घोटभर पोटात गेलं तरी पोट फुगून यायचं आणि दोन दोन दिवस कळा. लहानपणापासूनचं. गावाकडे, सोनगीरला, म्हातारी माणसं म्हणायची, पोरीने मागल्या जन्मी वासराच्या तोंडचं तोडलं असेल. काय बोलतील लोक! अक्कांनी ते इतक्यांदा ऐकलं होतं की त्यांना ते खरंच वाटायचं. नानांची आई ते तान्हे असतानाच गेली. त्यांना वाटी-वाटी दूध पाजून वाढवलं ते ह्या अक्कांनी, ज्यांनी स्वतः कधी साय चाटली नाही. तरुणपणीच कपाळ पांढरं झालं, माहेरी परत आल्या, आणि मग भावाच्या शाळेमागे धुळ्याला.

गल्लीत कोणाची म्हैस व्याली की चीक घरोघर वाटला जातो. वाटायचं काम अक्कांचं. कोणाच्या घरात किती माणसं, कोणाकडे बाळंतीण आहे, कोणाला गूळ जास्त लागतो, सगळं त्यांना पाठ. आणि त्यांचे नियम कडक. ज्याच्या घरी म्हैस व्याली त्याने गल्लीला दिल्याशिवाय स्वतः खरवस खायचा नाही. ज्याच्याकडे वाटी आली त्याने ती रिकामी परत करायची नाही, गुळाचा खडा नाहीतर मूठभर ज्वारी घालायची, नाहीतर म्हैस आटते. मी नवी असताना वाटी घासूनपुसून लखलखीत रिकामी दिली, तर अक्कांनी मला अहिराणीत असं झापलं की निम्मं कळलं नाही ते बरंच झालं.

एका पावसाळ्यात अक्का तापाने आजारी पडल्या. चांगल्याच पडल्या. डॉक्टर म्हणाले, दूध द्या, शक्ती येईल.  एका दुपारी ग्लानीत अक्कांनी डोळे उघडले. आम्हाला वाटलं, आता काहीतरी निरवानिरव सांगतील. त्या म्हणाल्या, "नाना, खरवस कसा लागस रे?"

ताप उतरला. अक्का उठल्या, पुन्हा भाकऱ्या बडवू लागल्या, आणि तो प्रश्न कोणी काढला तर चिडायच्या. "तापमा माणूस काहीबी बोलस," म्हणायच्या. पण नानांच्या डोक्यात तो बसला तो बसलाच. अक्कांना पोट न दुखता एकदा खरवस खाऊ घालायचा, बाकी काही नाही. गल्लीने ऐकलं आणि म्हटलं, मास्तरांचा स्क्रू ढिला झाला.

नाना म्हणायचे, दुधाचा खरवस थिजतो तो त्यातल्या सत्त्वामुळे. ते सत्त्व डाळीत आहे, शेंगदाण्यातही आहे. वाफेवर तेही थिजायला हवं, फक्त ते बाहेर काढता आलं पाहिजे. मग ते गेले कासमभाईंच्या तेलघाणीवर. तेल निघाल्यावर शेंगदाण्याची जी ढेप राहते, त्यात सगळं सत्त्व राहतं म्हणे. कासमभाई मोठे मिश्कील. नानांनी स्वच्छ ढेप मागितली तेव्हा ते घाणीच्या बैलाकडे बोट दाखवून म्हणाले, "मास्तर, हाई त्याना घास शे. पहिले त्याले इचारी ल्या." नाना खरंच बैलापाशी गेले आणि त्याच्या पाठीवर थाप मारून आले. "हो म्हणाला," त्यांनी सांगितलं. तेव्हापासून कासमभाई नानांसाठी निवडलेल्या दाण्यांची वेगळी घाणी काढायचे. आणि गल्लीत नानांचं नाव पडलं, ढेपवाले मास्तर.

पाण्यात ढेप भिजवून काही होईना. मग नानांनी कुठल्याशा इंग्रजी पुस्तकात वाचलं की ते सत्त्व साध्या पाण्यात नीट विरघळत नाही, मिठाच्या पाण्यात विरघळतं. झालं. ढेप कुटायची, मिठाच्या पाण्यात भिजवायची, पंच्याने गाळायची. पिवळसर पाणी मिळालं. नानांनी ते आटवून पाहिलं, तर मिठागर. मीठ काढावं तर कसं? पातेलं चुलीपाशी ठेवून नाना विचार करत शाळेत गेले.

पौषातले दिवस. अक्का चुलीपाशी आल्या, पातेल्यात बोट घातलं, चाखलं, आणि तोंड वाकडं केलं. भावाने एवढ्या खटपटीने केलेलं, आणि हे खारट! जास्त मीठ पडलं तर बाई काय करते? पाणी घालते. अक्कांनी अंगणातल्या रांजणातून हाडं गोठवणारं गार पाणी आणलं आणि तांब्यामागून तांब्या ओतलं. बघता बघता ते पिवळं पाणी पांढरंफेक झालं, दुधासारखं. अक्का घाबरल्या. वर ताट झाकून त्या माझ्याकडे येऊन बसल्या आणि नाना येईपर्यंत हलल्या नाहीत. तिन्हीसांजेला नाना आले तेव्हा दारातच म्हणाल्या, "खारं लागनं, मी पानी टाकी दिनं."

नानांनी ताट काढलं. वर पाणी निवळायला लागलं होतं. खाली काहीतरी बसलं होतं. त्यांनी पातेलं हळूच कलतं केलं, तर ते खालचं गाळासारखं उडालं नाही. काकवीसारखं जड, संथ, एका बाजूला वाहत गेलं.  मग मला हाक. "वहिनी, या, या. हा गाळ नाही. गाळ कणाकणाने बसतो. हे बघा, थेंब थेंब एकमेकांत मिसळतायत. हे पाणीच आहे, पण ह्या पाण्याला त्या पाण्यात राहायचं नाही. दोघांनी वेगळं बिऱ्हाड केलंय. मिठाने त्यांना एकत्र धरून ठेवलं होतं, अक्काने मीठ पातळ केलं आणि सत्त्व आपलं आपलं गोळा झालं." मला त्यातलं बिऱ्हाड तेवढं कळलं. पण एवढं सांगते, पहिल्या मुलाचे पेढे वाटणाऱ्या बापाच्या तोंडावरही मी एवढा आनंद पाहिला नाही. अक्का मागे उभ्या राहून विचारत होत्या, आता हे फेकायचं का.

वरचं पाणी ओतून दिलं, पुन्हा गार पाण्याने मीठ काढलं, गूळ आणि वेलची घालून नानांनी ते वाफवलं. थिजलं! सुरीने वड्या पडल्या. रंग थोडा मातकट, पण डब्यात थरथरणारा अस्सल खरवस. नानांनी वाटी अक्कांपुढे धरली. 

अक्कांनी वाटी खाली ठेवली.

"पहिले गल्लीले दे. मंग मी खासू."

"अक्का, हा म्हशीचा नाही," नाना म्हणाले. "एवढासा आहे. तू खा." पण नाही म्हणजे नाही. घरचा पहिला खरवस गल्लीला दिल्याशिवाय तोंडात घालायचा नाही. आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवला तो नियम स्वतःसाठी मोडायचा? त्या वड्या शेवटी कासमभाईंच्या बैलाला गेल्या. घास त्याचाच होता, फिरून त्याच्याकडे आला.

गल्ली म्हणजे काय थोडी घरं? घागरभर करायला हवं. ढेप जमवायला, शाळेच्या परीक्षा संपायला वेळ गेला आणि चैत्र उजाडला. खानदेशातला चैत्र! दुपारी पत्रे तडतडतात. नानांनी सगळ्यांना आवतण दिलं, संध्याकाळीच घागर भरून ठेवली. सकाळी गल्ली वाट्या घेऊन हजर. नानांनी घागरीवरचं फडकं काढलं, पळी आत सोडली. वर पांढरं पाणी, मधे पांढरं पाणी, तळाशीही पांढरंच पाणी. काही म्हणजे काही बसलेलं नव्हतं.

समोर आबा राहायचे. पोलिसातून पेन्शनीत आलेले. त्यांनी घागरीत डोकावून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "मास्तर, म्हैस आटली तुमची."

गल्ली हसली. नानाही हसले, पण त्यांच्या हसण्यात पाणी होतं. अक्का मात्र माझ्याकडे येऊन म्हणाल्या, मी वाटी खाली ठेवली तेव्हाच खायला हवं होतं, आता त्याला वाटतंय त्याच्याने होत नाही. मला त्या बाईची दया आली आणि रागही आला. घ्या आता नियम, असं अगदी ओठावर आलं होतं. 

पंधरा दिवस नाना बाटल्यांकडे फिरकले नाहीत. तेच मीठ, तीच ढेप, तेच पाणी, मग अडलं कुठे? आमच्या ओट्यावर एका संध्याकाळी अक्का माझी वेणी घालत होत्या. खोबरेल तेलाची बाटली त्यांनी उपडी केली आणि भसकन तेल माझ्या पाठीवर. "पौषमा हाई बाटली उन्हामा ठेवनी पडे," त्या पुटपुटल्या, "आते पहा." नाना दारात उभे होते. त्यांनी बाटली उचलली, उजेडाकडे धरली, हलवली, पुन्हा धरली. मग कपाळावर हात मारून घेतला. थंडी! गारव्याशिवाय ते सत्त्व वेगळं बिऱ्हाड करणार नव्हतं. एवढी साधी गोष्ट, आणि सायन्सच्या मास्तरला ती बायकांच्या वेणीतून कळावी, असं मी म्हणाले. नाना म्हणाले, "वहिनी, कुठूनही कळो."

पण चैत्रात थंडी आणायची कुठून? रांजणातलं पाणीसुद्धा कोमट. थंड जागा गल्लीत एकच होती, आड. नानांनी नव्याने भरलेल्या घागरीला फडकं बांधलं, दोर लावला आणि पाण्यात बुडेल पण तोंड वर राहील अशी आडात सोडली. अर्ध्या तासात गल्ली गोळा. मास्तरने आडात औषध सोडलं! आबा काठी घेऊन आडाच्या कठड्यावर येऊन बसले. "पाण्याला काही झालं तर?" नाना म्हणाले, "सकाळचा पहिला तांब्या मी पितो." आबांनी काठी कठड्यावर आडवी ठेवली. ते म्हणाले, "मग मी इथून हलत नाही. पोरं दोर ओढतील." विरोध करायला आलेला माणूस पहाऱ्याला बसला.

उजाडलं तेव्हा आबांनी स्वतः दोर ओढायला घेतला. पोलिसी हात, हिसका बसला, घागर डचमळली, आणि नानांच्या आधी अख्खी गल्ली ओरडली, "ढवळू नका!"

नानांनी फडकं काढलं. वरचं पाणी पळीने काढत गेले, काढत गेले, आणि तळाशी ती काकवी चमकली. त्यांनी आधी आडाचं तांब्याभर पाणी पिऊन शब्द पाळला, मग चूल पेटवली.

वाटायला अर्थातच अक्का. त्या दिवशी त्यांची चाल बघण्यासारखी होती. जन्मभर दुसऱ्यांच्या म्हशींचा चीक वाटला, आज घरचा होता. ह्या बाळंतिणीला दोन वड्या, त्या म्हातारीला मऊ बाजूची, कासमभाईंच्या घरी पोरं फार म्हणून वाटीऐवजी ताटली. उत्साहात त्या देत गेल्या, देत गेल्या, आणि ओट्यावर परत येऊन डबा उघडला तर तळाला नुसता गुळाचा डाग. नानांचा चेहरा असा पडला की मला बघवेना. अक्का म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे रे. वाटायनं ना बठ्ठं?" सगळं वाटलं गेलं, एवढ्यावर त्या खूश होत्या.

मग वाट्या परत यायला लागल्या. रिकामी वाटी परत द्यायची नसते, हे त्यांनीच शिकवलेलं. आबांच्या वाटीत गुळाचा खडा होता आणि खड्याखाली खरवसाची वडी. बाळंतिणीच्या वाटीत ज्वारी आणि वडी. कासमभाईंच्या ताटलीत अख्खा तुकडा. माझ्याही वाटीत. प्रत्येक घराला ठाऊक होतं, हा खरवस कोणासाठी केलाय. आता ते निव्वळ प्रेम होतं की शेंगदाण्याचा उग्र वास लोकांना जड गेला होता, ते देव जाणे. मी माझ्यापुरतं सांगते, अर्धं प्रेम होतं आणि अर्धा वास.

अक्कांनी उंबऱ्यावर बसून वडी तोंडात घातली. सावकाश चघळली. नाना समोर उकिडवे बसले होते.

"असाच लागस का रे खरवस?"

आम्ही सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. हो म्हणायला त्यांचं काय जात होतं? पण तो माणूस वाटीतल्या आमटीशीही खोटं वागला नसता. "नही अक्का," ते खाली बघून म्हणाले. "खरवस यापेक्षा मऊ ऱ्हास. अन् दूधना वास येस त्याले."

अक्कांनी दुसरी वडी उचलली.

"मंग हाऊच चांगला शे. यामा कोनता वासरूना घास नही."

आणि त्यांनी आबांची वडी खाल्ली, बाळंतिणीची खाल्ली, कासमभाईंचा तुकडा खाल्ला, माझीही खाल्ली. पोटात दुखलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून भाकऱ्यांचा आवाज नेहमीसारखा ऐकला तेव्हा मी हात जोडले, कोणाला ते माहीत नाही.

पुढे नानांनी दर हिवाळ्यात ढेपेचा खरवस केला. गल्ली आपापली वडी इमानाने परत करत राहिली.

मग ह्यांची बदली जळगावला झाली. स्टेशनवर नाना आणि अक्का पोचवायला आले होते. अक्कांनी फडक्यात बांधलेली वाटी माझ्या मांडीवर ठेवली. "वाटी कधी परत देऊ?" मी विचारलं. "भरी लय, तवय दे," त्या म्हणाल्या, म्हणजे भरून आणशील तेव्हा. मी रडत होते, हे सामान मोजत होते. उन्हं कडक होती म्हणून फलाटावरून लिंबाचं सरबत घेतलं. गाडी हलली, आणि मी खिडकीतून पाहिलं, तर नानांनी आपला ग्लास सवयीने उन्हाकडे धरला होता, साखर कुठवर बसली ते बघत. अक्कांनी शेजारून हात लांब केला आणि ग्लासात बोट घालून सरळ गरगर ढवळलं.

 नानांनी बहिणीकडे पाहिलं, आणि ढवळलेलं सरबत एका दमात पिऊन टाकलं.